नानांच्या इंजिनाचा आकडा

जळगावच्या नानांकडच्या त्या खेळण्यातल्या आगगाडीबद्दल लिहू नकोस, असं माझी मुलगी म्हणते. तिचं म्हणणं, नाना गेले, अक्का गेल्या, आबाही गेले, आता ते उकरून कुणाला काय मिळणार? डॉक्टरही सांगतात की या वयात मनात कडवटपणा धरून ठेवू नये, साखर वाढते. मी काही धरून ठेवलेलं नाही, तोच मला धरून बसला आहे. आयुष्यात पुष्कळ माणसांचा राग आला आणि गेला. हा गेला नाही, कारण यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, आणि स्वतःशी असलेलं भांडण मिटवायला पंच कुठून आणणार?

आम्ही भुसावळला रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, यार्डात पॉइंट्समन होते. मालगाडीचे डबे जोडायचे आणि सोडवायचे हे त्यांचं काम. दोन डब्यांच्या मधे वाकून शिरायचं, लोखंडी कपलिंग उचलून समोरच्या आकड्यात टाकायचं, आवळायचं, बाहेर यायचं आणि निशाण दाखवायचं. उन्हाळ्यात ते लोखंड इतकं तापायचं, की आबांच्या तळहाताची कातडी जाड होऊन पिवळी पडली होती. डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज आमच्या घरात दिवसभर यायचा. फडताळातली भांडी किणकिणायची, भिंतीवरची बुद्धाची तसबीर थोडी तिरकी व्हायची आणि आई येता-जाता ती सरळ करायची. पाहुणे दचकायचे. आम्ही मात्र ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि तेलात कालवलेला ठेचा खात बसलेलो असायचो, आणि आवाज बराच वेळ आला नाही तरच माना वर करायचो. आबा घरी आले की आई त्यांच्या हातावर खोबरेल तेल घालायची आणि ते चोळत चोळत दिवसभरात किती गाड्या लावल्या ते सांगायचे. साहेबांनी शाबासकी दिली की नाही, ते कधी सांगायचे नाहीत, म्हणजे देत नसावेत.

मी आयटीआयला वायरमनचा कोर्स केला तेव्हा वर्गात मुलगी मी एकटी होते. आई म्हणाली, नर्सिंग कर. आबा म्हणाले, "करू दे, माझी पोरगी विजेचं काम करते म्हणून यार्डात सांगीन." कोर्स झाल्यावर नोकरी काही मिळेना. मग बाजारातल्या मोटारी भरायच्या दुकानात मी जाऊ लागले. भरणं म्हणजे जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळणं. आमच्याकडे केळीच्या बागा, विहिरीविहिरीवर पंप, आणि विजेचा दाब कधी इतका खाली, की मोटारी पटापट जळत. दुकानाचे मालक उस्ताद मोठ्या मोटारी स्वतः भरायचे आणि पंखे, मिक्सर, रेडिओचे ट्रान्सफॉर्मर माझ्याकडे द्यायचे. बारीक तारेला माझा हात बसला होता. केसाएवढी तार न तोडता हजार वेढे घालायचे म्हणजे श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. हे मी फुशारकीनं लिहिते आहे, आणि लिहिणार. त्या हातांची फुशारकी मारायची संधी पुढे फारशी मिळाली नाही.

त्या दुकानात एके दिवशी नाना आले. जळगावला त्यांची डाळमिल होती आणि एका शिक्षणसंस्थेचे ते अध्यक्ष होते. धोतर, पांढरी टोपी, आणि हातात रुमालात बांधलेलं इंजिन, वीतभर लांब. त्यांचा भाचा जर्मनीत होता, त्यानं अख्खी आगगाडी आणून दिली होती. त्या इंजिनाची गंमत अशी, की मागच्या आकड्यात एक इवलीशी कॉइल होती. गाडीला वीज देणाऱ्या पेटीवरचं बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज जाते, तिचं लोहचुंबक होतं, आकडा वर उचलला जातो आणि डबा सुटून मागे राहतो. माणसाला दोन डब्यांच्या मधे शिरावं लागत नाही. आबांना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आकडा उचलत नव्हता म्हणून नाना तीन ठिकाणी फिरून आले होते. मी बघितलं, तर कॉइल करपलेली. ही कॉइल क्षणभर वीज घेण्यापुरती असते. घरातल्या पाहुण्यांनी हौसेनं बटण दाबूनच धरलं असणार. मी ती उकलली, वेढे मोजले, तेवढेच नवे घातले, टोकं कथिलाचा डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडली, आकड्याचा वाकलेला दात सरळ केला. आठवडाभरानं मी स्वतः इंजिन घेऊन पॅसेंजरनं जळगावला गेले. नानांच्या माडीवर मोठ्या टेबलावर रूळ मांडलेले होते. नानांनी बटण दाबलं. टिक आवाज झाला, आकडा उचलला, इंजिन सुटून पुढे गेलं आणि डबे जागच्या जागी राहिले. साठीचा माणूस लहान मुलासारखा टाळ्या पिटू लागला. मला म्हणाले, "बेटा, आमच्या टेक्निकल शाळेत मुलींसाठी विजेचा वर्ग सुरू करतोय. शिकवायला बाई मिळत नव्हती. तू येशील?"

मी मान डोलावली. त्या काळी आमच्या घरात पगाराची नोकरी असलेलं माणूस एकच होतं आणि त्याची पाठ वाकत चालली होती. वर्गाच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर ही गाडी चालवून दाखवायची, मुलगी काय करू शकते ते सगळ्या संस्थेला दाखवायचं, आणि त्याच दिवशी माझ्या हातात नेमणुकीचं पत्र द्यायचं, असं नानांनी ठरवलं. संस्थेच्या बाकीच्या मंडळींना मी नको होते. एक तर मुलगी, आणि दुसरं कारण कुणी तोंडानं बोलत नव्हतं. नाना मात्र माझ्या बाजूनं भांडत होते. हे त्यांचं श्रेय मी नाकारत नाही.

नानांच्या घरी त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, कारभार होता. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या. एरंडोलकडच्या खेड्यातलं त्यांचं बोलणं जळगावात राहूनही सुटलं नव्हतं. मी गेले की त्या जिन्याशी येऊन म्हणायच्या, "ये वं माय, बठ. जेवाशिवाय जावानं नही." आणि काय सुग्रण होत्या! वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात आणि शेंगदाणे, वर कळण्याच्या पुऱ्या. मला केळीच्या पानावर वाढायच्या आणि बाकीचे स्टीलच्या ताटात जेवायचे. जळगावात केळीच्या पानांना काय तोटा! मला वाटलं, हा माझा मान आहे. घरी येऊन मी आईला कौतुकानं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, आणि भाकरी उलटायच्या जागी ती तव्यावर तशीच राहून करपली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बावीस वर्षांची होते आणि कुणीतरी मला मान देतंय हे मला हवंच होतं.

पंधरा दिवसांनी नानांचा निरोप आला, आकडा पुन्हा उचलत नाही. मी गेले. दोष शोधायची एक रीत असते, बाहेरून आत जायचं. आधी रूळ स्पिरिटनं पुसले, मग इंजिनाची चाकं, कारण धूळ बसली की वीजच आत जात नाही. मग आकडा बोटानं हलवून बघितला, कुठं घासतो का. मग मीटर लावलं. कॉइलच्या टोकाशी वीज तुटत होती. उघडून बघते तर माझ्या डागावर हिरवा थर. तांब्याला कळक चढतो तसा. मी खजील झाले. डाग देताना मी जी पेस्ट वापरली होती तिच्यात आम्ल असतं, ते नीट पुसलं नसेल, असं मला वाटलं. सगळं खरवडलं, पेस्टऐवजी राळ वापरून डाग दिला, स्पिरिटनं धुतलं. इंजिन टकटक आकडा उचलायला लागलं. मी पान पुढ्यात घेऊन भरीत जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आले.

पुन्हा तेच झालं. आणि पुन्हा. मी रडकुंडीला आले. उस्तादांना विचारलं, ते म्हणाले दमट हवा असेल. उन्हाळ्यातल्या जळगावात दमट हवा! नानांकडे दुसरंही एक इंजिन होतं, काळं, तसल्याच आकड्याचं. ते त्याच कपाटात, त्याच फळीवर असायचं. मी त्याला कधी हात लावला नव्हता, कारण ते कधी बिघडलंच नव्हतं. मी ते हातात घेऊन उलटं करून बघितलं. आत तांबं लखलखीत. म्हणजे दोष हवेत नव्हता, विजेत नव्हता, कपाटात नव्हता. उरले मी. ज्या इंजिनाला मी हात लावते तेच सडतं, इथपर्यंत मी अगदी बरोबर पोचले होते. नियमानं चालत गेले होते. फक्त पुढचं पाऊल चुकीच्या दिशेनं टाकलं आणि म्हटलं, माझा हातच कच्चा.

उद्घाटनाचा दिवस आला. आबांनी रजा टाकली, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी. लग्नातला पांढरा सदरा घातला आणि हातांना तेल लावलं, पण ते पुसून टाकलं, पाहुण्यांशी हात मिळवायचा झाला तर चिकट लागायला नको म्हणून. शाळेच्या दारात नाना स्वतः पुढे आले, "या आबा, या," म्हणाले आणि त्यांना धरून पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. आबा त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मागे टेकले नाहीत.

इंजिन खोक्यातून नानांच्या घरून आलं होतं. आदल्याच दिवशी मी ते दुरुस्त करून, वीस वेळा चालवून ठेवलं होतं. कार्यक्रमाला तासभर होता म्हणून शेजारच्या खोलीत एकदा बटण दाबून बघितलं, आणि आकडा हलला नाही. उघडलं, तर आत चक्क ओल. डागावर हिरवी बुरशी नव्हे, हिरवं पाणी. आधीपासून कुजत आलेलं कॉइलचं आतलं टोक आता तुटलं होतं. निदान वरचा डाग तरी सुधारावा म्हणून मी तापलेली इस्त्री त्यावर टेकवली. डाग द्यायच्या तापत्या सळईला आम्ही इस्त्रीच म्हणायचो. चर्र आवाज झाला आणि वास उठला. राळेचा नाही, तारेचाही नाही. गोठ्यातला. आजोळी सकाळी गाईच्या मागे तांब्या धरून उभ्या राहिलेल्या बायका मला आठवल्या, आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. गोमूत्रात क्षार असतो. तांब्यावर ते पडलं आणि त्यातून वीज गेली की तार कुजायला कितीसा वेळ लागणार! आम्ही आयटीआयच्या दुसऱ्या महिन्यात शिकलो होतो हे.

खोलीत नाना होते, आणि पूजेचं ताट घेऊन आलेल्या अक्का होत्या. मी अक्कांकडे बघितलं. त्या मुळीच ओशाळल्या नाहीत. उलट समजूत काढल्यासारख्या म्हणाल्या, "मी त दर येळे शिंपडस वं माय. तू गयी का खुर्ची, टेबल, ती गाडी, तुना हात लागना ते बठ्ठं. आज त देवनं काम शे, म्हनीसन जास्त टाकं. त्यामा राग येवासारखं काय शे? तुले मी कधी काही बोलनू का?"

खरंच, त्या मला कधी काही बोलल्या नव्हत्या. पोटभर जेवू घातलं होतं. केळीचं पान कशासाठी तेही मला तिथंच, त्याच मिनिटाला कळलं. मी नानांकडे बघितलं. ते काहीतरी बोलतील, बहिणीवर ओरडतील, निदान माझ्या नजरेला नजर देतील असं मला वाटलं. ते इंजिनाकडे बघत होते. वास त्यांनाही आला होता. आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. एवढं मी शपथेवर सांगेन, नवल नव्हतं.

"अक्का, तू बाहेर जा," ते म्हणाले. अक्का गेल्यावर त्यांनी दार लोटलं. "बेटा, ती म्हातारी आहे. तिला आता कोण बदलणार? बाहेर सगळे बसलेत. हे बाहेर गेलं तर घराची अब्रू जाईल, वर्गही जाईल. ते लोक टपूनच बसलेत." थोडं थांबून त्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. त्या खिशात माझं पत्र होतं, दोघांनाही माहीत होतं. "कॉइल कमी पडली, असं म्हणू या. होतं असं नव्या माणसाच्या हातून. मी सांभाळून घेतो."

पुढे वर्गातल्या मुली विचारायच्या, मॅडम तुम्ही कुणाला घाबरत नाही का, तेव्हा मला ती खोली दिसायची. मी त्यांना इंजिन फेकून मारू शकले असते. दार उघडून आबांना हाक मारू शकले असते. मी म्हणाले, "बरं."

बाहेर पाहुणे आले, हार झाले, भाषणं झाली. गाडी का दाखवत नाही, असं संस्थेच्या चिटणीसांनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं. नाना उठले आणि माझ्याकडे हात केला. मी उभी राहिले. "आकड्याची कॉइल मी भरली होती. ती टिकली नाही. माझ्या हातून काम कच्चं राहिलं," असं मी पुढच्या रांगेपासून दीड हातावर उभी राहून बोलले. चिटणीस हसले. नाना म्हणाले, "चूक कबूल करायला धैर्य लागतं. असा प्रामाणिक शिक्षकच आपल्याला हवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि नानांनी मला पत्र दिलं. आबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडे बघत बसले होते.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आम्हाला खिडकी मिळाली. भादली स्टेशन गेलं. मग आबा म्हणाले, "पोरी, तीस वर्षं झाली. मी जोडलेला एक डबा कधी वाटेत सुटला नाही. सुटला असता तर मागून येणारी गाडी चढली असती त्याच्यावर." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. मी तेव्हा सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण मला ठाऊक होतं, सांगितलं तर ते भुसावळला उतरून घरी न येता उलट्या गाडीनं जळगावला जातील आणि ते पत्र नानांच्या पायावर टाकून येतील. त्यांना दुःख होईल म्हणून मी गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला ती नोकरी हवी होती.

नोकरी मी केली, निवृत्त होईपर्यंत केली. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींनी जळगावात, धुळ्यात, शिरपूरला दुकानं काढली, एक दीपनगरच्या वीज केंद्रात लागली. नाना दर वर्षी स्नेहसंमेलनात माझं नाव घ्यायचे. त्यांच्या घरी मी पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि त्यांनीही कधी का म्हणून विचारलं नाही.

आबा निवृत्त झाल्यावर आम्ही भुसावळलाच छोटं घर बांधलं. एका मे महिन्यात मी शाळेतून आले तर छताला पंखा नव्हता. जळाला म्हणाले. मी म्हटलं, उतरवून ठेवला ना, रविवारी भरते. रविवार उजाडायच्या आत पंखा परत छताला लागलेला होता. बाजारातून भरून आणला होता. आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. आबा म्हणाले, "तुले कुठं वेळ राहतो, म्हणून देऊन टाकला." मी शंभर मुलींना पंखे भरायला शिकवलं होतं. पंखा घरघरत होता, वेढे सैल बसलेले, मला आवाजावरूनच कळत होतं, वर्षभरही टिकणार नव्हता. आबा खाटेवर पडून वर बघत होते.

"चांगला भरलाय ना गं?" त्यांनी विचारलं.

"चांगला भरलाय, आबा," मी म्हणाले.

ते समाधानानं कुशीवर वळले.